ओल्या नाकाच्या बैलाचे बक्षीस

लिहून ठेवणार मोरेश्वर सीताराम भांगे, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी शाळेत सुतारकामाचे मास्तर, सध्या ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणे, राहणार सौंसर, नगरपालिकेच्या बगीच्यासमोरचे घर, जिल्हा छिंदवाडा. हा जिल्हा आधी मध्यप्रांतात होता, मग नागपूर राजधानीच्या मध्यप्रदेशात होता, आता भोपाळ राजधानीच्या मध्यप्रदेशात आहे. माझे घर मात्र एक इंचही हललेले नाही, ते मी स्वतः मापून बांधले आहे.

मी पूर्ण शुद्धीवर असून राजीखुशीने हे लिहीत आहे. वकील यशवंतराव यांची खात्री पटावी म्हणून त्यांच्यासमोर दीडकीचा पाढा शेवटपर्यंत म्हणून दाखवला. त्यांना स्वतःला तो मध्येच अडला, हेही इथे नमूद असावे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या वर्षी नागपूरला काढला, त्यामुळे आता मला स्पष्ट दिसते. दोन वर्षांपूर्वी दिसत नव्हते. ही गोष्ट पुढे कामास येणार आहे, म्हणून वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

मरायची मला काही घाई नाही. प्रकृती ठणठणीत आहे, सकाळी सोलेभात दोनदा मागून घेतला. परंतु गेल्या सोमवारी एक सरकारी कागद दारात आला आणि त्यामुळे मला हे मृत्युपत्र करणे भाग पडले. कागदाचा मजकूर त्याच्या कलमात येईल. आधी सोपी कलमे उरकून घेतो.

कलम पहिले. राहते घर माझ्यामागे पत्नी सौ. देवकाबाई हिचे, ती असेपर्यंत. तिच्यानंतर चिरंजीव वसंत याचे. उत्तरेची खिडकी पावसाळ्यात लागत नाही. तिला कोणीही रंधा मारू नये, थंडी पडली की ती आपोआप लागते. हे वसंताला चाळीस वेळा तोंडी सांगून झाले आहे, आता कायद्याने सांगतो. राज्यांची वाटणी झाली तेव्हा वसंताची नोकरी मुंबई राज्यात गेली आणि आम्ही म्हातारे इकडे राहिलो. तो नागपुराहून छोट्या लाईनच्या गाडीने येतो, तरी त्याची आई त्याला परमुलखातून आल्यासारखी दारातच ओवाळते.

हे कलम वाचून दाखवले तेव्हा देवकाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "घर मले देऊन राहिले म्हणता. पण तुमचं होतं कधी ते?" यशवंतराव मान खाली घालून हसले. मी हे लिहून घेतले आहे, कारण पत्नीची हरकत नाही असा त्याचा अर्थ होतो.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे तिन्ही रंधे, पटाशांचा संच, दोन करवती, गिरमिट आणि वाकस, ही सर्व माझा जुना विद्यार्थी गुणवंता याला द्यावीत. तो आता संत्र्याच्या पेट्या ठोकतो आणि त्याच त्या पेट्या ठोकून त्याचा हात बिघडत चालला आहे. हत्यारांमागे एक अट आहे, ती कलम सहात आहे.

कलम तिसरे. माझी पितळेची पाणसळ मी शेजारी कापड दुकानदार भैय्याजी यांना देतो. ती त्यांनी दुकानाची फळी सरळ आहे की नाही हे पाहायला एका दिवसासाठी नेली होती, त्याला सात वर्षे झाली. आता ती त्यांनी उजळ माथ्याने वापरावी. फळी अजून तिरपीच आहे.

कलम चौथे. पोस्टातली शिल्लक नात जयश्री हिच्या शिक्षणासाठी. वसंताची नोकरी बदलीची, म्हणून ती आमच्याकडे राहून इथल्या शाळेत शिकते. ती स्वातंत्र्याच्याच महिन्यात जन्मली आणि तिला जन्मापासून कोणाचे ऐकायची सवय नाही. तिला शिकू द्यावे. लग्नाची घाई करणाऱ्यास या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.

कलम पाचवे. घराच्या बाजूची माझी मोकळी जागा बगीच्याला लागून आहे. नगरपालिकेने ती दोनदा मागितली व मी दोनदा नाही म्हटले. ती जागा मी आता बगीच्यासाठी देतो. कोणत्या अटीवर देतो हे समजायचे तर कुत्र्याची सगळी हकीकत सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला माझी बाजू राखता येणार नाही.

समोरच्या गल्लीत अंबाबाई घोरसे राहते. सरकारी दवाखान्यात दाई होती. या मोहल्ल्यातली निम्मी लेकरे तिच्या हातावर जगात आली, जयश्रीसुद्धा. सत्तेचाळीस साली स्टेशनवरचे एक गोरे साहेब बिऱ्हाड गुंडाळून विलायतेला गेले आणि त्यांच्या कुत्रीचे एक पिल्लू मागे राहिले. अंबाबाईने त्याला पदराखाली घालून आणले. साहेबाने ठेवलेले नाव टॉमी. गल्लीने त्याचे टोम्या केले. रंग तांबूस, पाठीला सुरेख बाक, कान एक उभा आणि एक पडलेला.

पुढे स्वातंत्र्याची आठवण म्हणून उभारलेल्या जयस्तंभाभोवती नगरपालिकेने बगीचा केला. त्याचे फाटक, बाके आणि मोठा झोका माझ्या हातचा. दोन खांब, त्यावर आडवी तुळई, तुळईत चार खुंट्या, खुंट्यांना दोर. लोखंडाचा एक खिळा नाही, असे मी सर्वांना छाती फुगवून सांगत असे. टोम्या रोज संध्याकाळी अंबाबाईबरोबर बगीच्यात यायचा आणि लेकरांच्या मागे धावायचा. काही आयांना ते खपत नसे. आसपासच्या खेड्यात पिसाळलेले कुत्रे दोघांना चावून गेले होते. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो. मी स्वतः त्यांच्याच बाजूचा होतो.

चौपन्न सालच्या हिवाळ्यात जयश्री, तेव्हा सात वर्षांची, चालत्या झोक्यावरून पडली. खांद्याजवळचे हाड मोडले. आम्ही धावलो तो टोम्या तिच्याजवळ उभा राहून भुंकत होता. भैय्याजी ओरडले, "कुत्र्यानं पाडलं पोरीले!" झाले. मलाही तेच दिसले. पोरगी रडता रडता सांगत होती, "आबाजी, टोम्या मंग आला, मी आधी पडली." सात वर्षांच्या पोरीचे कोण ऐकतो? मी त्याच दिवशी बगीच्यातल्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा असा सरकारला अर्ज लिहिला, गल्लीत फिरून बेचाळीस सह्या घेतल्या आणि नगरपालिकेमार्फत नागपूरला पाठवून दिला. माझे अक्षर चांगले आहे. अर्ज फार उत्तम उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोका पुन्हा बांधायला गेलो तेव्हा गवतात खुंटी सापडली. मधोमध मोडलेली. आतून किड्यांनी भुसा केलेला.

ती खुंटी आंब्याच्या लाकडाची होती. बगीच्याचे उद्घाटन तोंडावर आले होते, डेपोतून सागवान उशिरा आले, ते तीन खुंट्यांपुरते निघाले. चौथी मी हाताशी पडलेल्या आंब्याच्या फळीतून काढली, वरून हिरवा रंग फासला आणि महिन्याभरात बदलू म्हटले. ती बदलायची राहून गेली. आंब्याचे लाकूड उघड्यावर टिकत नाही, हे मी पोरांना सुतारकामाच्या पहिल्याच तासाला शिकवीत असे. ती मोडकी खुंटी मी सदऱ्याखाली लपवून घरी आणली, हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकली आणि झोक्याला सागाची नवी खुंटी ठोकून आलो. अर्ज मागे घेतला नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा बेचाळीस सह्यांची भीती वाटली.

त्यानंतर मोहल्ल्याचे दोन पक्ष पडले, लेकरंवाले आणि कुत्रेवाले. लेकरंवाल्यांचे पुढारी भैय्याजी आणि मी. नगरपालिकेने तात्पुरती बंदी घातली व अंबाबाईने टोम्याला दाराच्या कडीला साखळीने बांधले. तिने आमच्या घरचा उंबरठा सोडला. संक्रांतीला देवकाबाईला हळदीकुंकू दोनदा करावे लागले, एकदा या पक्षाचे, एकदा त्या पक्षाचे, आणि तिळगूळ दोनदा करताना ती मला जे बोलली ते मृत्युपत्रात घालण्यासारखे नाही. भैय्याजींच्या सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांना अंबाबाईच्याच दारी जावे लागले. ती आली, हात धुतले, नातू त्यांच्या हातात दिला आणि चहा न घेता परत गेली.

आता छप्पन सालच्या तान्ह्या पोळ्याचे सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरे लाकडी बैल सजवून आणतात आणि सर्वांत देखण्या बैलाला बक्षीस मिळते. तो पोळा जयस्तंभाजवळ भरतो, आणि बैलांची पारख करायचा मान दरवर्षी माझा. बक्षीस म्हणून मी दरवेळी सागाचा एक चाकांचा बैल घडवतो. त्या वर्षीचा बैल माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला होता. माझे दोन्ही डोळे मात्र त्या वर्षी अधू होते आणि ते मी कोणाला सांगितले नव्हते.

रांगेत तीसेक बैल उभे होते. मी मागे हात बांधून एकेक पाहत गेलो. शेवटून तिसऱ्या बैलापाशी थबकलो. अंगावर लाल झूल, शिंगांना बेगड, कपाळाला गोंड्यांची मठाटी, गळ्यात घुंगरू, आणि पाठीचा बाक असा की मी आयुष्यात कोरला नाही. म्हटले, "वा! घडण याला म्हणतात! अरे, पाहून घ्या रे सगळे. लाकडात प्राण ओतला आहे!" लोक गप्प झाले. मला वाटले, माझ्या बोलण्याचा प्रभाव. मी वाकून बैलाच्या नाकाला बोट लावले तर ते ओले लागले. मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "फक्त रोगण अजून वाळायचं आहे. तरी पहिला नंबर याचाच."

तेव्हा बैलाने माझा हात चाटला.

मग जे हसू उसळले ते पार जामसांवलीच्या मारुतीपर्यंत ऐकू गेले असेल. बैलाची दोरी जयश्रीच्या हातात होती. तिने अंबाबाईच्या दाराची साखळी सोडून टोम्याला कागदाची शिंगे बांधून, सजवून आणले होते, आणि तो बिचारा दोन वर्षांनी बगीच्यात आलेला, लाकडासारखा निश्चळ उभा होता. भैय्याजी हसून हसून जयस्तंभाच्या पायरीवर बसले. मीही हसायला हवे होते. मी भडकलो. बक्षीस रद्द म्हणालो, बक्षिसाचा बैल काखेत मारला आणि घरी निघालो. जयश्री मागून ओरडत होती, "आबाजी, तुम्हीच तर नंबर दिला!" गर्दीमागे अंबाबाई उभी होती. ती हसली नाही. तिने टोम्याच्या अंगावरची झूल सोडली, नीट घडी केली, जयश्रीच्या हातात दिली आणि त्याला घेऊन गेली. तो बैल मी पेटीत टाकला, खुंटीच्या शेजारी.

नंतर राज्य बदलले. माझा अर्ज नागपुरात कुठल्या तरी गठ्ठ्यात होता, तो गठ्ठ्यासकट भोपाळला गेला. मी म्हटले, बरे झाले, आता तो कोणाला सापडत नाही. गेल्या सोमवारी त्याचे उत्तर आले. उत्तर हिंदीत, म्हणून जयश्रीला वाचायला सांगितले. ती शाळेत हिंदी शिकते. तिने ठसक्यात वाचले की बगीच्यात व लगतच्या गल्लीत असणारे कुत्रे येत्या एक जानेवारीपासून पकडून गावाबाहेर नेऊन नष्ट करावेत, पाळीव असले तरी. मूळ अर्जदाराने खरे कारण लिहून अर्ज मागे घेतल्यासच हुकूम थांबेल. मग खाली बोट ठेवून ती म्हणाली, "आबाजी, अर्जदार म्हणून हे तुमचंच नाव आहे." आणि थोड्या वेळाने, "टोम्याले कुठं नेतील?"

टोम्या आता अकरा वर्षांचा आहे. त्याला धावणे होत नाही. त्याला एवढेच हवे असते की दुपारी कोणीतरी त्याला उन्हात सोडावे. मी उठून परसात गेलो आणि मला रडू आले.

म्हणून कलम पाचची अट अशी. माझ्या जागेत नगरपालिकेने लहान लेकरांसाठी कमरेएवढे लाकडी कुंपण घालून वेगळे अंगण करावे, झोका त्यात हलवावा. तिथे कुत्र्याला मज्जाव. उरलेल्या बगीच्यात धन्याबरोबर आलेल्या कुत्र्याला कोणी हटकू नये. धनी बरोबर नसेल तर मात्र जरूर हटकावे. लेकरांची काळजी करण्यात आमची चूक नव्हती. चूक माझी होती, मी खुंटी लपवली.

कलम सहावे. आंब्याची मोडकी खुंटी गुणवंताला. हत्यारांमागची अट हीच. अंगणातले नवे झोके त्याने सागाचेच करावेत, आणि त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी ही खुंटी हातात देऊन, ती कोणाच्या हातची ते नाव घेऊन सांगावे.

कलम सातवे. छप्पन सालचा बक्षिसाचा सागवानी बैल टोम्याला. यशवंतराव म्हणतात की कुत्र्याच्या नावे काही ठेवता येत नाही. मी म्हणतो की नंबर त्याचा आला, निकाल मी दिला, आणि दिलेला निकाल मला फिरवता येत नव्हता. तेव्हा माझ्या मृत्यूनंतर पेटी उघडून बैल त्याच्याकडे पोचता करावा.

काल इथवर लिहून झाले व मी ते यशवंतरावांसमोरच देवकाबाईला वाचून दाखवले. तिने शेंगांचे सूप बाजूला ठेवले.

"म्हणजे अंबाबाईची माफी तुम्ही मेल्यावर मागणार?"

"कायद्याने मागतो आहे," मी म्हणालो.

"अन् तिनं माफ केलं तं ते ऐकायले राहाल का जी तुम्ही? अन् तो टोम्या तुमच्यासाठी थांबून राहीन का? बापा, काय माणूस आहे! साक्षीदार पाहिजे ना तुमाले? तिलेच बोलवा. समोर बसवा, अन् हे सारं वाचा."

यशवंतराव म्हणाले की साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवण्याची कायद्याने गरज नाही. देवकाबाई म्हणाली, "कायद्याले नसन. मले आहे." यशवंतरावांनी चष्मा पुसला. त्यांनी असेही सांगितले की जो साक्षीदार त्याला मृत्युपत्रातून काही मिळू नये हे बरे. त्यावर मी सांगितले की अंबाबाईला मी काहीच देत नाही, जे देतो ते कुत्र्याला.

आज दुपारी जयश्री जाऊन तिला घेऊन आली. टोम्याही आला, साखळीशिवाय. अंबाबाई उंबरठ्याच्या आत येईना, म्हणून आम्ही टेबल ओट्यावर काढले. भैय्याजी दुकान सोडून आले, त्यांना कोणी बोलावले नव्हते. मी पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. पाणसळीच्या कलमाला भैय्याजी खाकरले. झोक्यावरून पडल्याची हकीकत आली तेव्हा मी कागद जयश्रीच्या हातात दिला. पुढचे तिने वाचले, आणि "मी आधी पडली" हे तिने दोनदा वाचले. अर्ज मागे घेण्याचा कागद खऱ्या कारणासह तिथेच सही करून यशवंतरावांच्या हाती दिला. तो उद्या सकाळी नगरपालिकेत जाईल. त्यावर आपलीही सही घ्या म्हणून भैय्याजी अडून बसले, ती घेतली.

अंबाबाई म्हणाली, कागद द्या, मले लिहिता येते. साक्षीदाराच्या जागी तिने जे लिहिले ते तिच्या अक्षरात जसेच्या तसे खाली आहे. यशवंतराव ते खोडू म्हणत होते, मी खोडू दिले नाही.

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मोरेश्वर सीताराम भांगे (सही)

साक्षीदार पहिले: यशवंतराव, वकील (सही). मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. दीडकी मला येते, त्या दिवशी घसा बसला होता.

साक्षीदार दुसरी: मी अंबाबाई घोरसे, मास्तर माह्यासमोर सही करून राहिले, मी पाह्यलं. आता माह्यं लिहिते. त्या दिवशी सकाळी मास्तरनं गवतातून खुंटी उचलून सदऱ्याखाली घातली, तवा मी कडुनिंबाखाली उभी होती. चार वर्षं मले माहीत आहे. मी सांगतलं असतं तं एकाही मायनं मास्तरच्या झोक्यावर लेकरू बसू देलं नसतं, अन् झोका तं गावात तेवढाच एक. अन् नवी खुंटी सागाची आहे, ते मी नखानं कोरून पाह्यलं होतं. कुत्रं बांधलं तं राहते. लेकरं कशी बांधावी? म्हणून मी चूप राह्यली. माह्यी मास्तरवर नाराजी खुंटीची नाही. बैलाची आहे. नंबर दिला अन् बक्षीस घरी नेलं, हे कोन्त्या मास्तरले शोभते? मास्तर मरेपर्यंत मी वाट पाहणार नाही. पेटी आत्ता उघडा. (सही)

सौंसर, दिनांक १४ डिसेंबर १९५८.

दुरुस्ती, त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत: कलम सातवे खोडले आहे, कारण त्यातील वस्तू आता या घरात नाही. जयश्री ती दोरीने ओढत बगीच्यात घेऊन गेली आहे, मागून टोम्या चालला आहे, आणि अंबाबाई उंबरठ्याच्या आत बसून चहा पीत आहे. खाडाखोड मान्य. मो. सी. भांगे.